पाळण्याखालची पाटी

तार हातात पडली तेव्हा मी आंजीच्या शाळेत चौथीकडून पाढे म्हणवून घेत होते. पुलगावची तार. भाऊजी गेले... माझ्या ताईचे यजमान, पुलगावचे खरादवाले, लाकूड खरादावर फिरवून घडवणारे. खरं सांगते, रडू नाही आलं आधी, रागच आला. चार दिवसांमागे मी त्यांच्याकडे गेले होते, तर गृहस्थ स्टुलावर चढून घरातला जुना पाळणा आढ्याला टांगत होते. लेक मंदा पहिल्या बाळंतपणाला आलेली, आणि आजोबा व्हायची यांनाच कोण घाई! पाळणा टांगला, पुसला, मग एक दगडी पाटी आणून बरोबर त्याच्याखाली जमिनीवर ठेवली. "मास्तरीणबाई, या पाटीले कोणी हात लावू नका बरं. बाळ आलं का मी सोता पाहीन." आणि स्वतःच निघून गेले. शब्दाला इतका पक्का माणूस, नेमका इथेच हुकला!

त्या पाटीची गोष्ट मंदाच्या जन्माआधीची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आमच्या आंजीच्या अंगणात शिवणीचं झाड होतं. आई दर सणाला त्याच्या बुंध्याला हळदीकुंकू लावायची आणि म्हणायची, "ताईच्या पहिल्या लेकराचा पाळणा याचाच करायचा." पहिला पाळणा माहेरचा, हा आमच्याकडचा रिवाजच. पण आई गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात वावटळीनं झाड पडलं. भाऊजी तेव्हा नवे जावई. ते बाबांना म्हणाले, "मामाजी, साल सोलून ठेवा. किड्याले सालीखालीच घर पाहिजे असते." बाबा कसले ऐकतात! त्या सालीवर आईच्या बोटांचं हळदीकुंकू होतं. ती सोलायची कोणी? घरातल्या कोणाचाच हात धजला नाही, माझाही नाही. ओंडका सालीसकट गोठ्याच्या पडवीत गेला, आणि आम्ही सगळे जाता-येता त्याला नमस्कार करत राहिलो.

ताईला दिवस गेले तेव्हा ओंडका बाहेर काढला. नुसता हलवला तर पिवळा भुगा पिठासारखा भुरभुर सांडला. साल बोटानं निघाली, आणि आत घुणानं केलेली भोकंच भोकं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, तिथेच निकाल देऊन मोकळे, "चुलीत घाला. वर्ध्याहून लोखंडी पाळणा आणू." बाबा ओट्यावर जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. आईनं मागे ठेवलेली एकच इच्छा होती, आणि ती आपल्याच हातानं किड्याला चारली असं त्यांच्या मनानं घेतलं. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

भाऊजींनी मात्र ओंडक्यावर उकिडवं बसून टोच्यानं इथे तिथे टोचून पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "काऊन, चुलीले पऱ्हाट्या कमी पडून राह्यल्या काय? मामाजी, हे लाकूड माह्यं. पाळणा नाई झाला तं खराद विकतो!" बढाई मारण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. पण ओंडका बैलगाडीत घालून नेला त्यांनी. बाहेरचं पांढरं लाकूड, जिथे टोच्या लोण्यासारखा शिरत होता, ते आऱ्यावर कापून फेकलं. गाभा कडक होता, पण भोकं त्यातही होती, आणि किडा जिवंत असेल तर आज केलेला पाळणा उद्या पोकळ. ताई म्हणाली रॉकेल पाजा. "अन् लेकरू पाळण्याचा दांडा चघळते, त्याचं काय वो?" असं म्हणून त्यांनी काळ्या ताडपत्रीत लाकडं गुंडाळली आणि ऐन वैशाखात शेडच्या टिनावर नेऊन टाकली. सगळं जग आमच्या वर्ध्याच्या उन्हाला शिव्या देतं. हा एकटा माणूस रोज दुपारी टिनाकडे बघून खूश! "तपू दे, आतला किडा मरू दे. आपल्याले सावली लागते, लाकडाले काय माणूस समजता?"

मग लाकडं खाली उतरवली, आणि त्यांच्याखाली माझीच जुनी पाटी मागून ठेवली. जुनी भोकं काही बोलत नाहीत, म्हणायचे, नवा भुगा पडला तर किडा आत जेवत बसला आहे. रोज सकाळी पाटी उचलून पाहायचे. आठवडे गेले आणि एका सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, "पाटी कोरी हाये वो!" तेव्हा कुठे खराद फिरला. पाळण्याचा एक खांब फिरता फिरता भोकावर फुटला आणि उडून थेट पाण्याच्या माठावर बसला. ताई ओरडली, भाऊजी हसले, "बरं झालं, कच्चा होता तो." राहिलेले खांब हळू हळू घडवले आणि फिरत्या लाकडावर लाखेच्या कांड्या दाबल्या, एक लाल, एक पिवळी. घासून लाख वितळली आणि प्रत्येक भोकात जाऊन बसली.

बारशाच्या दिवशी पाळणा आंजीला टांगला. बाबा जवळ गेले, खांबावरून हात फिरवला... लाल ठिपके, पिवळे ठिपके. "अरे, हे तं तिचंच हळदीकुंकू हाये," म्हणाले आणि डोळ्याला पंचा लावला. मोठेबाबांना मात्र पटेना. "दिसाले चांगला हाये, पण टिकन काय?" भाऊजींनी मंदाला उचलून ताईकडे दिलं. "मोठेबाबा, तुम्हीच बसा." मोठेबाबा म्हणजे कापसाचं भरलेलं बोचकं नव्हे, सरकीचं पोतं! बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, आढं कुरकुरतंय, आणि मोठेबाबा खरंच बसले. पाळण्याचं काही वाकलं नाही. उतरा म्हटलं तर म्हणतात, "आता बसलोच हावो तं एक झोका तं द्या!"

त्या पाळण्यात मंदा झोपली, तिची भावंडं झोपली, माझी दोन्ही पोरं झोपली. दर वेळी आधी पाटी, मग बाळ.

भाऊजींना जाऊन आता काही आठवडे झाले. मंदाला मुलगी झाली. सुतक फिटलं, बारसं ठरलं, आणि ताई बाळाला मांडीवर घेऊन पाळण्यासमोर अडून बसली. "त्यायनं पाटी पाह्यली नाई. न पाहता कशी टाकू लेकराले?" मी वाकले. पाटी त्यांनी ठेवली तिथेच होती. घरात एवढी माणसं येऊन गेली, एवढी रडारड झाली, पण तिला कोणी हात लावला नव्हता. दारापाशी उजेडात नेली. धूळ होती, पिवळ्या भुग्याचा कण नव्हता. काय झालं मला कोण जाणे, मी मास्तरीण माणूस, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "पाटी कोरी हाये वो!"

बाळ दचकून रडायला लागलं. "हळू ना, बयो," म्हणत ताईनं तिला पाळण्यात घातलं, आणि भाऊजी गेल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. "मोठेबाबाले पेललं त्यानं, हिचं काय वजन!" पहिला झोका तिनंच दिला. मी पाटी पदरानं पुसली आणि पुन्हा होती तिथे, पाळण्याच्या बरोबर खाली ठेवली.