माहितीसाठी प्रत

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही नातवंडांनी आत्याला विचारलंत, "यंदा तुझ्या मुलींनी कप आणला का?" ती हसून म्हणाली, "आणला ना!" फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभी होती.

कप आणलेला नाही. आत्या आता त्या शाळेत खेळाची शिक्षिका नाही. तिनं नोकरी सोडली असं मी तुमच्या बाबांना सांगितलं, तेही खरं नाही. तिला काढलं. कसं ते क्रमानं लिहिते, कारण त्यात माझा हात आहे.

आत्याच्या खो-खोच्या संघातल्या बहुतेक मुली दिघ्याच्या वस्तीतल्या. आयाबाया कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या. मुलींचे बूट फक्त शाळेपुरते, खेळायच्या अनवाणी. ऑक्टोबरात खो-खो संघटनेनं निवड सामने ठेवले. सकाळी सातला बोलावलं आणि प्रमुख पाहुणे यायचे म्हणून साडेअकरापर्यंत बसवून ठेवलं. पाणी संपलं. बाथरूमला कुलूप होतं. मग भर उन्हात काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवर खेळायला लावलं. आत्यानं संध्याकाळपर्यंत थांबायची विनंती केली, तर टेबलामागून एकजण म्हणाला, "मॅडम, खेळायला आलात की पिकनिकला?"

एका मुलीला उचलून रिक्षात घालावं लागलं. तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, अंगठ्याएवढे.

आत्या घरी आली ती सरळ लॅपटॉपशी बसली. चार ओळींचा मेल लिहिला, स्वतःच्या नावानं, संघटनेला. मग म्हणाली, "आई, इंग्रजी तेवढं बघ."

आमच्याकडची सगळी इंग्रजी पत्रं माझ्या नजरेखालून जातात, तुमच्या बाबांच्या व्हिसाची गेली तशीच. नोकरीभर मी ऑफिसात पत्रव्यवहारच सांभाळला. तिच्या चार ओळींत नुसता संताप होता. मी त्याचे तीन परिच्छेद केले, वेळा घातल्या. तिथवर ठीक होतं.

पुढे म्हटलं, "खाली हुद्दा कुठाय? हुद्दा नसलेलं पत्र निनावी पत्रासारखं दिसतं. शाळेचं नाव घाल. आणि शाळेच्या मेलवरून पाठव."

"अगं, हे माझं म्हणणं आहे. शाळेला कशाला मध्ये आणतेस?"

"मग निदान प्रिन्सिपॉल आणि ट्रस्टींना माहितीसाठी प्रत दे. वरिष्ठांना बाहेरून कळलं तर ते बरं दिसत नाही."

"आई, तुझ्या ऑफिसात चालायचं ते!"

"शिस्त सगळीकडे सारखीच असते," मी म्हटलं. ती दमली होती. हुद्दा, शाळेचा मेल, प्रत, सगळं तिनं मी सांगितलं तसं केलं.

ऑफिसात वरच्यांना प्रत दिली की आपण सुरक्षित, एवढंच मी शिकले होते. पत्र कुणाविरुद्ध आहे आणि वरचे कुणाबरोबर जेवतात, हे बघायला मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. संघटनेचे अध्यक्ष आणि शाळेचे एक ट्रस्टी जुने मित्र निघाले.

तिसऱ्या दिवशी तिला बोलावलं. टेबलावर मेलची छापील प्रत होती, हुद्द्याखाली लाल रेघ. "शाळेच्या नावानं संघटनेवर आरोप करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?" मुलीच्या पायांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्या करारावर होती; कराराचं वर्ष पूर्ण व्हायचं होतं, तरी सोमवारपासून येऊ नका म्हणाले. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मेलवरून लिहिलं असतं, तर पकडायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मी लगेच माफीपत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ वाचूनच तिनं कागद उलटा ठेवला. "आई, आता एक अक्षर लिहू नकोस."

खाली सोसायटीच्या बाकावर एक शेजारीण म्हणाली, "काय हो, लेकीनं एका मेलमध्ये अख्खी संघटना आडवी केली म्हणे?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा शाळेनं संघच उतरवला नाही. ती फोड आलेली मुलगी सीवूड्सच्या मॉलबाहेर आत्याला भेटली. "टीचर, तुमी कधी येनार?" तिनं विचारलं. आत्यानं तिला पाय दाखव म्हटलं. भर रस्त्यात तिनं चप्पल काढून तळवे दाखवले.

आत्या आता दुसऱ्या शाळांना अर्ज पाठवते. मुलाखतीत सगळं चांगलं होतं, मग जुन्या शाळेत फोन करून विचारतात आणि पुढे काही कळत नाही. चूक तुझी होती असं ती मला एकदाही म्हणालेली नाही. फक्त मी खोलीत गेले की लॅपटॉप मिटते. इंग्रजी बघ, असं म्हणत नाही.

पुढच्या रविवारी तिला खो-खोबद्दल विचारू नका. ती पुन्हा "आणला ना" म्हणेल, आणि मी शेजारी बसून ऐकेन.