युनूसभाईंनी दिलेली लस

"मॅडम, हे धरा बगू," म्हणत वसंतरावांनी माझ्या हातावर एक अंडं ठेवलं. मी नुसतं धरलं आणि ते फुटलं. कवच कागदासारखं. आतलं पांढरं पाण्यासारखं पातळ होऊन मनगटावरून ओघळलं.

"अर्ध्या शेडचं हे असं चाललंय. कोंबडी खातीय, पितीय, जरा शिंकतीय, आन् अंडं हे असलं."

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी एका लस कंपनीची व्हेटर्नरी डॉक्टर होते. राहायला कराडात, आणि एरिया विट्यापासून दहिवडीपर्यंत. वसंतराव मुंबईची नोकरी सोडून दहिवडीजवळ गावी परतले होते. दोन हजार कोंबड्यांवर त्यांचं घर चालायचं.

रोग ओळखायला वेळ लागला नाही. इन्फेक्शियस ब्रॉंकायटिस, आमच्या बोलण्यात आयबी. कोंबड्यांची सर्दीच ती, पण अंडं जिथं तयार होतं त्या नळीलाही धरते. हा व्हायरस कोरोना कुळातला. माणसाला त्याचा त्रास नाही, आणि कोरोना हा शब्द तेव्हा आमच्या पुस्तकांबाहेर कुणी ऐकलाही नव्हता.

अडचण अशी की कोंबड्यांच्या या बॅचला आयबीची लस दिलेली होती. आमच्याच कंपनीची.

लस देणारे युनूसभाई, विट्याचे. मोपेडला थर्मास बांधून फार्मोफार्म फिरायचे. ही लस पिण्याच्या पाण्यातून देतात. तिच्यात व्हायरस जिवंत असतो, फक्त सौम्य केलेला. माण तालुक्यात उन्हाळ्यात पाणी टँकरचं, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर. त्यात लस मरते आणि कोंबडी नुसतं पाणी पिते. संशय कुणावर जाणार हे सांगायलाच नको.

"टँकरचं न्हाई वापरलं मॅडम," युनूसभाई म्हणाले. "खालच्या मळ्यातल्या हिरीचं आणलं, चार कॅन. लस टिकावी म्हनून त्यात दुधाची पावडर टाकली. कोंबड्या दोन तास तानेल्या ठेवल्या, मग पाजलं."

"बगितलं कुणी?" वसंतरावांनी विचारलं.

कुणीच बघितलं नव्हतं. त्या दिवशी वसंतरावांचं सगळं घर लग्नाला गेलं होतं.

मी पुण्याला कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"लस चांगली आहे, पाणी टँकरचं आहे," साहेब म्हणाले. "रिपोर्टमध्ये तेवढं लिहा आणि विषय संपवा."

"पण तो माणूस नाही म्हणतोय."

"मॅडम, कुठला माणूस हो म्हणतो?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. युनूसभाईंचं नाव घालून मी लिहिलं, 'लसीकरणात हलगर्जी', आणि खाली सही ठोकली. ते सगळीकडे पसरलं आणि आठवड्याभरात सहा फार्मवाल्यांनी युनूसभाईंना 'येऊ नका' म्हणून सांगितलं. या धंद्यात नाव गेलं की काम गेलं. घरात दोन मुलींची शाळा चालू होती.

पंधरा दिवसांनी विट्याजवळच्या एका फार्मवरून फोन आला. तिथंही तीच पातळ अंडी. आता मी चपापले. कारण तिथली लस मी स्वतः उभं राहून दिली होती, आणि पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं.

मग मला कराडमधला माझा फ्रीजर आठवला.

बॅच अंड्यावर यायच्या आधी, शेवटच्या डोसनंतर तीन आठवड्यांनी, आम्ही काही कोंबड्यांचं रक्त घ्यायचो. रक्त गोठलं की वर पिवळट पाणी राहतं, ते सिरम. लस लागू पडली असेल तर त्यात अँटिबॉडी सापडतात, म्हणजे व्हायरसला धरून ठेवणारे शरीराचे रक्षक. वसंतरावांच्या बॅचचं सिरम मी घेतलं होतं. लॅबला पाठवलं मात्र नव्हतं. चार फार्मचं एकदम पाठवू म्हणून बर्फाच्या ट्रेमागे ठेवलं आणि विसरले. दुसऱ्याची हलगर्जी लिहिणारी मी!

दुसऱ्याच दिवशी ते सिरम आणि आजारी कोंबड्यांच्या श्वासनळ्या बर्फात घालून मी पुण्याला लॅबमध्ये नेऊन दिल्या. काही आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला.

"सिरम उत्तम आहे. अँटिबॉडी भरपूर. लस नीटच दिली होती."

"मग रोग कसा झाला?"

"आम्ही लसीतला व्हायरस आणि तुमच्या फार्मवरचा, दोन्ही या सिरमबरोबर ठेवून पाहिले. लसीतला अडतो. तुमचा अडत नाही."

या व्हायरसच्या अंगावर बारीक काटे असतात, स्पाइक प्रोटीन. त्याच काट्यांनी तो पेशीला चिकटून आत शिरतो, आणि अँटिबॉडी त्याला धरते तीही काट्याच्या टोकाशीच. आमच्या व्हायरसच्या काट्याचं टोक थोडंसं बदललेलं होतं. पेशीत शिरण्याचं काम बिनबोभाट चालू, पण जुना काटा ओळखणाऱ्या अँटिबॉडीला ते धरता येईना.

साहेब म्हणाले, "जुना रिपोर्ट राहू दे, उगाच गाजावाजा नको."

"सर, सही माझी आहे," मी म्हणाले, आणि नवा रिपोर्ट घेऊन दहिवडी गाठली. युनूसभाईंनाही बोलावून घेतलं.

वसंतराव तरुणपणी तालमीत जायचे. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी गडी तयार हाय, पर समोरच्यानं अंगाला तेल लावलंय."

"तेल नाही हो. जिथं पकड बसायची ती जागाच बदललीय."

वसंतराव युनूसभाईंकडे वळून म्हणाले, "चुकलं माजं. लय बोललो तुमाला."

युनूसभाईंनी मान हलवली. मग मला विचारलं, "मॅडम, ते रक्त कवा घेतलं हुतं?"

"रोग यायच्या तीन महिने आधी."

"मग मला इचारायच्या आदी त्याला इचारायचं हुतं की."

आवाज चढलेला नव्हता. मी माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

ती बॅच पुन्हा पूर्ण अंड्यावर आली नाही. बदललेल्या काट्याला चालेल अशी लस आमच्याकडे यायला पुढं काही वर्षं गेली. तोवर शेड स्वच्छ ठेवा, बाहेरचं माणूस आत घेऊ नका, एवढंच मी सांगत फिरले.

नवा रिपोर्ट मी सहाही फार्मवर स्वतः नेऊन दाखवला. चौघांनी युनूसभाईंना परत बोलावलं. दोघांनी नाही. त्यातला एक म्हणाला, "आवं मॅडम, पयल्यांदा बी डॉक्टरनंच लिवलं हुतं की." त्यानंतर सिरमचा निकाल हातात आल्याशिवाय कुठल्याही रिपोर्टात मी माणसाचं नाव घातलं नाही.