पंचमीला पळालेली धामण

आईच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी होती, आणि पाळायला जनावर मिळालं तेही तसंच. कुत्रं पाळणारा माणूस संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून चहा तरी पितो. धामणीशेजारी बसून चहा पिता येत नाही. ती सतत कुठंतरी निघालेली असते. खोक्यात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मान वर, जीभ बाहेर. तिच्याकडं बघता बघता मीही उठून येरझाऱ्या घालायला लागायचो आणि आई कपाळाला हात लावायची.

साठचं दशक संपत आलं होतं. मी उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होतो. मावसभावाच्या वडगावकडच्या गुऱ्हाळावर चिपाडाच्या ढिगाखाली ही धामण निघाली. सगळे काठ्या घेऊन धावले, मी पोतं घेऊन धावलो. घरी आणल्यावर आईनं अबोला धरला आणि तो मोडला तो एवढंच सांगायला, "सैपाकघराचा उंबरा वलांडला तर तुला आन तिला एकदमच भाईर काढीन." मी याला परवानगी समजलो.

किराणा दुकानातून चहाचं मोठं लाकडी खोकं आणलं, पुढून जाळी ठोकली, आत पाण्याची परात ठेवली. बेडूक मी रंकाळ्याच्या कडेनं धरून आणायचो. उंदरांची सोय गल्लीनं केली. कुणाच्या घरी उंदीर सापडला की पिंजऱ्यासकट आमच्या दारात येई. पिंजरा मात्र धुऊन परत मागत. कात टाकायची वेळ आली की तिचे डोळे दुधाळ होत आणि मग तिचा संताप बघवत नसे. जाळीवर तोंड आपटून आपटून नाकाडाचं सालटं निघे. खोबरेल लावायला हात घातला तर गळा फुगवून गुरगुरायची. साप गुरगुरतो हे लोकांना खरं वाटत नाही. मी ऐकलंय, माझ्यावरच.

आमच्या मागच्या परड्याला लागून म्हशीवाल्या अण्णांचा गोठा होता. चौकात म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. तरुणपणी तालमीत घुमलेले, आवाज असा की म्हशी दचकायच्या. पण धामणीला ते भ्यायचे. धामणीनं म्हशीला आधी बघितलं तर म्हैस मरते, आणि म्हशीनं धामणीला आधी बघितलं तर धामण मरते, अशी त्यांची पक्की खात्री. म्हणून आमच्या बाजूला त्यांनी गोणपाटाचा पडदा लावला होता आणि येताजाता मला बजावत, "भाईर दिसली की ठेचणार. मग रडत येऊ नगंस."

नागपंचमीच्या सकाळी आई पुरणाची दिंडं उकडत होती. मी सुट्टी काढून घरी होतो. खोक्याकडं गेलो तर जाळीचा एक कोपरा उचकटलेला आणि आत नुसती परात. तेवढ्यात गोठ्यातून आरोळी आली, "अरं ए! तुजी धामण शिरली की हिकडं!"

मी कुंपणावरून उडी टाकून गेलो. गोठ्याच्या दगडमातीच्या भिंतीखाली घुशीचं जुनं बीळ होतं, तिची शेपटी त्यात दिसेनाशी होताना मी बघितली. अण्णांच्या हातात पहार होती.

"अण्णा, थांबा. मी धरतो."

"धरतो म्हणं! बिळात गेलीया. आता खणल्याबिगर निघत न्हाय."

पहार उचललीही त्यांनी. पण त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, दारातून नुसतं म्हटलं, "आज पंचमी हाय." अण्णांचा हात वरच राहिला. पंचमीला घरोघरी चिरणं नाही, तळणं नाही, तवा चढवणं नाही, आणि जमीन खणणं तर अजिबात नाही. अण्णा देवालाही शिव्या घालतील, पण पंचमीला जमिनीत पहार घालायची छाती त्यांना नव्हती. त्यांनी ती भिंतीला टेकवली. "बरं. उद्या सकाळच्या धारा झाल्या की खणतो. तवर निघाली तर निघाली." आणि म्हशी सोडून गल्लीत नेऊन बांधल्या. दिवसभर गल्लीतून माणूस जाईना की सायकल.

म्हणजे मला एक दिवस मिळाला. पण खणायचं मलाही नव्हतंच. मी बेडूक धरून आणला, बिळाच्या तोंडाशी बांधला आणि पोतं घेऊन बसलो. बसलो म्हणजे काय, उठत होतो, बसत होतो, विडी पेटवत होतो, विझवत होतो. धामण गडबडीत बाहेर येत नाही, हे मला माहीत होतं. आणि गडबड तर आता सुरू होणार होती.

अक्का दुधाची वाटी आणि लाह्यांचं ताट घेऊन आल्या. मागून गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया. एरवी वारूळ शोधत लांब जावं लागे, यंदा साप आपल्या पायानं गोठ्यात आलेला. हळदकुंकू झालं, उदबत्त्या झाल्या, बिळाच्या तोंडावर दूध ओतलं. मी चिडून म्हटलं, "अक्का, नाग न्हाय ओ, धामण हाय ती."

"नाग भाऊ, मग ही भावजय म्हणा, भावजी. माह्यारचीच की."

बाया खदखदा हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांचं माहेर निपाणीकडं. भाऊ नव्हता. पंचमीची पूजा उरकली की गल्लीतल्या सुनांना न्यायला भाऊ येत, त्या झोके खेळायला निघून जात, आणि अक्का शेणाच्या पाट्या उचलत. तरी आदल्या दिवशी भावाचा उपवास त्या न चुकता करीत. उदबत्तीच्या धुरात त्या तिथंच बसून राहिल्या आणि माझी धामण काही त्या धुरात बाहेर येईना.

रात्र कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. सकाळच्या धारा लवकर उरकल्या. दुधाची घागर ठेवून अण्णांनी पहार उचलली. मी हातापाया पडायला पुढं झालो, तर अक्का बिळावर फतकल मारून बसलेल्या.

"ऊठ," अण्णा गरजले.

"न्हाय उठत. पंचमीला माह्यारचं माणूस दारात आलं. काल दूध घातलं, आन आज पहार घालू व्हय? इतक्या वर्सात पैल्यांदा आलंय कोण तरी."

अण्णांनी पहार अशी फेकली की गल्लीत बांधलेल्या दोन म्हशी उठून उभ्या राहिल्या. "बस मग तुजा भाऊ घिऊन!" म्हणत ते बाहेर पडले. मला तर अक्कांचे पाय धरावेसे वाटले. मी पोतं झटकलं. "अक्का, लई उपकार झालं. आता जरा बाजूला व्हा. ऊन पडलं की येतीया बघा, अलगद घालतो पोत्यात."

अक्का हलल्या नाहीत. "तुमी बी न्हाय, भावजी."

"अवो, पर माजी हाय ती!"

"मग खोकं फोडून हिकडं कशी आली?"

मी पोत्याची घडी घालून घरी आलो. धामण तिथंच राहिली. अण्णांनी आमच्या बाजूचा पडदा काढून बिळाच्या भिंतीपुढं लावला, म्हशी काही मेल्या नाहीत, गोठ्यातल्या घुशी मात्र संपल्या. दुपारी ऊन असलं की ती त्या भिंतीवर लांबलचक पसरलेली दिसे. अक्का शेणाची पाटी घेऊन हातभर अंतरावरून जात, ती मान उचलत नसे. धामण निवांत पडलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. एवढे बेडूक मी आणले, पावसात भिजून आणले. पण परड्याच्या दारात मी उभा राहिलो की ती बिळात जाई. मला राग यायचा. अजून येतो.