नीळ लावलेलं फडकं

चौऱ्याऐंशी साली भद्रावतीजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात पांढरा सदरा घालून येणारे एकटे गुणवंतराव. मॅनेजर श्रीहरी साहेबसुद्धा खाकी घालत. एका बाजूने माजरीकडची कोळशाची काळी धूळ, दुसऱ्या बाजूने बॉक्साइटची लाल. मध्ये गुणवंतराव, कडक इस्त्रीत. बॉयलरवरचा नथ्थू रोज विचारी, "गुणवंतभाऊ, आज कोनाच्या वरातीले?"

"पांढऱ्या मालावर काम करून राह्यलो, बावा. तुले का समजते?"

बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्यात शिजवायचे नि लाल गाळ खाली बसू द्यायचा. वरचे निवळ पाणी थंड करून त्यात आधीच्या मालातली थोडी पांढरी भुकटी टाकायची, दुधाला विरजण लावतात तशी. मग टाकीत नवी भुकटी धरते. ती फडक्यावर गाळून, चिकटलेला सोडा शुद्ध पाण्याने धुऊन काढायचा आणि शेवटी भट्टीत भाजायची. हा आमचा अ‍ॅल्युमिना. फडकी आणि धुलाई गुणवंतरावांकडे.

त्या वर्षी स्पार्कप्लग बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब माल बघायला येणार होते. त्यांना अगदी शुद्ध माल हवा होता. नमुना पास झाला तर गुणवंतराव धुलाईचे मिस्त्री होणार, हे ठरलेले. त्यांच्या बायकोने, इंदुताईंनी, ते शेजारणीला सांगूनही टाकले होते.

गाळायचे फडके मात्र लालसर पडले होते. गुणवंतरावांनी ते सायकलला बांधून घरी नेले. वैशाख पौर्णिमेला विहारात इंदुताईंच्या हातचे पांढरे कपडे साऱ्या वस्तीत उठून दिसतात, यावर त्यांचा फार भरवसा. दुसऱ्या दिवशी फडके असे लखलखत आले की नथ्थू म्हणाला, "भाऊ, याचा सदराच शिवून टाका!"

साहेब आले. फडक्यावर मालाचा जाड, शुभ्र थर. त्यांनी वरूनच चमचाभर घेऊन बोटांत चोळला, मान डोलावली. श्रीहरी साहेबांचा चेहरा फुलला. कौतुकाच्या भरात गुणवंतरावांनी थराचा एक तुकडा उचलून उलटा केला. खालची बाजू फिकट निळी.

इंदुताईंनी शेवटच्या पाण्यात सवयीने नीळ घातली होती.

नथ्थू कानाशी लागला. "सीधा करा ना, भाऊ. भट्टीत रंग उडून जाते."

"रंग जाते. नीळ कुठी जाते? मालातच राह्यते." गुणवंतरावांनी तुकडा साहेबांपुढे धरला. "साहेब, हा माल नका नेऊ. फडकं म्याच घरी धुवाले नेलं. बाईनं नीळ लावली."

साहेबांनी तुकडा पाहिला, मग सदरा पाहिला. "हाही याच निळीचा का?"

"हो जी."

सगळे हसले, गुणवंतराव सोडून. "दुसरा माल झाला की कळवा," साहेब म्हणाले. "तो मी उलटा करूनच बघीन."

तो माल दोन्ही बाजूंनी पांढरा निघाला, आणि गुणवंतराव मिस्त्री झाले. इंदुताईंनी मात्र घरात नीळ आणणेच बंद केले. "तुमच्या मालाले चालत नाई, तर तुमच्या सदऱ्याले काऊन पाहिजे?"

त्यामुळे मिस्त्रींचा सदरा महिनाभरात पिवळट पडला. नथ्थूने फाटकाशीच गाठले.

"काऊन भाऊ, वरात आटोपली का?"