स्नेहाचा निळा डेक

“ताई, हा स्विमिंग पूलचा निळा झाला. मला करंज्याचा समुद्र पाहिजे. सकाळचा. होड्या परत येतात तेव्हाचा.”

मी शेड बदलली. स्नेहाने पाहिलं आणि डोळे मिटले. “थोडा राखाडी घाला,” ती तशीच म्हणाली.

मी प्रेझेंटेशन डिझायनर. तेव्हा आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि बाल्कनीजवळचं टेबल हेच माझं ऑफिस होतं. धुकं असलं की खालचं सगळं पुसलं जाई आणि कर्नाळ्याचा सुळका तेवढा हवेत तरंगत राही. कामात लक्ष लागणं कठीण, स्वप्नं बघणं सोपं, अशी ती जागा.

त्या वर्षांत स्टार्टअपचं वारं जोरात होतं. जो तो पिच डेक मागत यायचा. पिच डेक म्हणजे आपला धंदा गुंतवणूकदाराला समजावून सांगणाऱ्या मोजक्या स्लाइड्स. बघणारा त्या काही मिनिटांत संपवतो. करणारा मात्र त्यात बुडून जातो.

स्नेहा उरणजवळच्या करंज्याची, कोळ्याची मुलगी. इंजिनीअर झाली, नोकरी केली, सोडली. सकाळी बंदरावर तिची आई मासे निवडायची. स्नेहा ते साफ करून, बर्फात घालून पनवेल-खारघरच्या सोसायट्यांत घरपोच द्यायची. एक भाड्याचा टेम्पो, एक ड्रायव्हर. लोक खूश होते. आता बेलापूरला एका गुंतवणूकदाराने भेटायला बोलावलं होतं.

काम चार-पाच दिवसांचं होतं. पण मीटिंग पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली, आणि आम्ही डेक सजवत राहिलो. स्नेहा बोलायची, मी काढायचे. स्लाइडवरच्या नकाशात करंज्याहून एक निळी रेघ निघाली. ती अलिबागला गेली, मग मुरुडला, रत्नागिरीला. प्रत्येक बंदरावर एक छोटा दिवा लागायचा. “इथे आपलं कोल्ड स्टोरेज,” स्नेहा पडद्याला बोट लावून म्हणायची. मला तिथला गार वारासुद्धा लागायचा. टेबलावर चहा निवत राहायचा.

एकदा ती आईला घेऊन आली. पहिल्या स्लाइडवर मी धुक्यातून हळूहळू पुढे येणारी होडी केली होती. मावशी खुर्चीत न बसता उभ्यानेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुजा बापूस असाच यायचा गो. पयला आवाज यायचा, मंग होडी.”

स्नेहाचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी आम्ही ती स्लाइड परत परत चालवली. डेक अजून चांगला करायचा, असं स्नेहाने तिथेच ठरवलं.

इकडे टेम्पो रोजचा एक दिवसाआड झाला. मग फक्त रविवारी. शेवटी गिऱ्हाइकांना मेसेज गेला : काही दिवस सेवा बंद. तो मेसेज स्नेहाने माझ्याच टेबलावर बसून पाठवला. “मीटिंग झाली की सुरूच करायचंय,” ती म्हणाली. मी मान डोलावली आणि मुरुडचा दिवा थोडा पिवळा केला.

मीटिंगला लॅपटॉप चालवायला मीही गेले. ते गृहस्थ शांतपणे बघत होते. होडीची स्लाइड त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. स्नेहाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

“फार सुंदर,” ते म्हणाले. “मला सांगा, मागच्या महिन्यात किती जणांनी परत ऑर्डर दिली?”

“मागच्या महिन्यात... डिलिव्हरी बंद होती, सर.”

“का? मासे नव्हते?”

“मासे होते.” स्नेहाने माझा हात सोडला. “आम्ही डेक करत होतो.”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुमचं कार्ड आहे का?”

परतताना गाडीत, खारघर गेल्यावर स्नेहा म्हणाली, “त्यांचं काम आलं तर घ्या हां ताई. खरंच चांगलं केलंत तुम्ही.” आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात टेम्पो सुरू झाला. एकेका गिऱ्हाइकाला तिने स्वतः फोन केला. बरेचजण दुसरीकडे वळले होते. काहींनी आधी तक्रार केली, मग पापलेट सांगितलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. मोबाइलवर काढलेले साधे फोटो होते आणि नेमाने घेणाऱ्यांचे आकडे. एका दुपारीत डेक झाला. चहासुद्धा गरम प्यायलो. दुसऱ्या एका गुंतवणूकदाराने पैसे लावले. रत्नागिरी अजून दूर आहे, पण आता टेम्पो तिचे स्वतःचे आहेत आणि ते रोज धावतात.

नवे फाउंडर मला विचारतात, डेकला किती वेळ द्यावा? मी सांगते, धंदा सांभाळून उरेल तेवढा. हे ऐकून काहीजण डेक सोडून धंद्याकडे परत जातात. माझं बिल बुडतं, त्यांचा धंदा वाचतो.