फोरमनसाहेबांच्या तोंडाचा बडगा

बडग्याचं मुंडकं माझ्या सायकलनं फोडलं, हे आधी कबूल करून टाकतो. सायकलचं स्टँड ढिलं होतं, मी घाईत होतो. पुरणाला डाळ कमी पडली म्हणून बायकोनं मला इतवारीच्या बाजारात पिटाळलं होतं, आणि परत आल्यावर मी सायकल भिंतीला टेकवली ती टेकवल्यासारखी नव्हतीच. मी दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच मागे ठप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं तर बडगा उताणा, त्याच्या छातीवर माझी सायकल, आणि मुंडक्याच्या जागी खापराचे सात-आठ तुकडे.

ते साल त्र्याहत्तर, आणि तो दिवस पोळ्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघायची होती. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगतो, मारबत म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीचा मोठा पुतळा, आणि तिच्या मागून आमच्याकडे गल्लीगल्लीचे बडगे निघतात. बांबू, कागद आणि फाटके कपडे यांचा माणूस करायचा, वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याच्या नावाचा. त्याला गावभर मिरवायचं, गल्लीतला ताप, खोकला, भांडणतंटा सगळं त्याच्या अंगावर घालून 'घेऊन जा गेऽऽ मारबत!' असं ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. त्या वर्षी डालडा आणि रॉकेल बाजारातून गायब झालं होतं, म्हणून आमच्या गल्लीनं साठेबाज केला होता. पोट मोठं, हातात डबा, आणि मडक्याचं मुंडकं.

"काकाजी, हे काय केलं जी तुम्ही?" कवडू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"मुंडीच उडवली ना बे," ओमप्रकाश म्हणाला. तो हलवायाचा मुलगा. त्याला कुठल्याही संकटात आधी गंमत दिसायची.

तिसरा शालिकराम. तो फक्त भ्याला.

शालिकराम सोळा वर्षांचा होता आणि एकूणच भ्यालेला होता. पालीला भ्यायचा, गुलाबचंदच्या धान्याच्या दुकानातल्या काळ्या मांजराला भ्यायचा, पोस्टमनला भ्यायचा. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा पास झाल्याचं कळल्यावरही तो दोन दिवस भीतच होता, न जाणो परत तपासतील. त्याची आई सखूबाई म्हणायची, "माहा पोट्टा सावलीले विचारून पाय टाकते." पण त्या पोळ्याला त्याच्याजवळ भिण्यासारखं खरोखरीचं कारण होतं.

बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नऊवारी लुगडी विणायचा, आणि ती लुगडी घेणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून कमी होत चालल्या होत्या. शालिकरामला त्या खड्ड्यात बसायचं नव्हतं. त्याला हिंगण्याला जायचं होतं. तिथल्या एका पंख्यांच्या कारखान्यात तीन अप्रेंटिस घ्यायचे होते. खाकी कपडे, कंपनीची बस, डब्यात पोळीभाजी. आणि त्या कारखान्यात फोरमन होते आमच्याच गल्लीतले रुपरावजी. ते म्हणाले होते, "पोळा होऊ दे. चिठ्ठी देतो. सोमवारी घेऊन जा." बास. एवढ्या एका वाक्यावर शालिकराम आठ दिवस जगत होता. ती चिठ्ठी मिळाली तर हिंगणा, नाही मिळाली तर खड्डा.

दुसरी भीती दोस्तांची. तिघांनी नववीत ठरवलं होतं की हिंगण्याच्या बसमध्ये एकाच बाकावर बसून जायचं. पण कवडू इंग्रजीत उडाला, आणि त्याला आत्याकडे उमरेडला धाडायचं ठरलं. ओमप्रकाशला दिवाळीपासून बापाच्या गल्ल्यावर बसायचं होतं. म्हणजे नोकरी मिळाली तरी बाकावर शालिकराम एकटा. उद्या हे दोघं रस्त्यात भेटले आणि ओळख दाखवली नाही तर? हा प्रश्न त्याला रोज अंघोळीच्या वेळी पडायचा, त्यामुळे तो अंघोळ लवकर आटपायचा.

"शालिक, तूच कर बे मुंडकं," कवडू म्हणाला. "तुह्या हाताले येते."

ते खरं होतं. भ्यालेल्या माणसाचे हात थरथरतात म्हणतात, याचे थरथरत नसत. त्यानं आईकडून नवं मडकं मागून आणलं. विणकराच्या घरी खळीला तोटा नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून तो मडक्यावर चिकटवत बसला. नाक ओढलं, गाल दाबले, ओठ काढला. हात काम करत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, रुपरावजी चिठ्ठी देतील का, विसरले तर, आठवण द्यावी का, दिली तर चिडतील का. संध्याकाळपर्यंत मुंडकं शेगडीवर धरून वाळवलं, आणि पहाटे उठून गेरू आणि काजळानं रंगवलं.

कवडू आला, त्यानं पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. ओमप्रकाश आला, त्यानं पाहिलं, आणि तो ओट्यावर बसूनच हसायला लागला.

"काय झालं बे?" शालिकरामनं विचारलं.

"अबे, फोरमन हाय हा!"

शालिकरामनं चार पावलं मागे जाऊन पाहिलं. तेच बसकं रुंद नाक. तीच एक भुवई वर. खालचा ओठ तसाच पुढे आलेला, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे आधीच ठाऊक असल्यासारखा. आठ दिवस ज्या तोंडाची धास्ती घेतली, ते तोंड त्याच्या बोटांनी त्याला न विचारता करून ठेवलं होतं. आणि खाली पाटी होती: 'गल्लीचा साठेबाज'.

"मी बदलतो," तो म्हणाला.

"हात लावला तर दोस्ती खतम," ओमप्रकाश म्हणाला. "असं मुंडकं साऱ्या नागपुरात नाही. आखरी बडगा हाय बे आपला. पुढच्या साली मी जिलबी तोलून राहीन आन् कवडू उमरेडले सडून राहीन."

"थोडंसंच बदलतो. मिशी लावतो फक्त."

मिशीला दोघांनी परवानगी दिली. त्यानं बापाच्या मागाखालचं तुटकं सूत गोळा करून झुबकेदार मिशी चिकटवली. आता तो रजेवर गेलेला फोरमन दिसायला लागला. त्यानं तारेचा चष्मा केला. तेव्हा तो हजेरी घेणारा फोरमन झाला. घाम पुसत शालिकराम घरात गेला, आजोबांच्या वेळचं लाल पागोटं शोधून आणलं आणि मुंडक्यावर बांधलं. चष्मा काढून टाकला. मिशी पांढरी केली.

आता फोरमन गेला. शालिकरामनं सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच घेऊन झाला होता, एवढ्यात गुलाबचंद दुकान उघडायला निघाले होते, ते समोरून आले. त्यांची नजर बडग्यावर पडली. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"रामराम, ईश्वरदासजी," ते म्हणाले. मग त्यांचं त्यांना काय ते कळलं, आणि त्या वयातही ते बऱ्यापैकी वेगानं पळाले.

ईश्वरदासजी म्हणजे रुपरावजींचे वडील. वारल्याला नऊ वर्षं झाली होती.

आता शालिकरामची जी अवस्था झाली ती लिहिताना मलाही घाम येतो, कारण मूळ कारण मी. फोरमनला साठेबाज केलं असतं तर चिठ्ठी गेली असती. त्याच्या मेलेल्या बापाला साठेबाज करून गावभर मिरवून जाळलं तर काय काय जाईल याचा त्याला हिशेबच लागेना. दोस्त अंघोळीला गेले. बडग्याजवळ तो एकटा. त्यानं फडकं ओलं केलं. खळ अजून पुरती सुकली नव्हती, नाकावर एकदा दाबून फिरवलं असतं की झालं असतं. त्यानं फडकं नाकावर ठेवलंसुद्धा. आणि ठेवूनच राहिला. नाक जमलं होतं हो. जन्मात त्याच्या हातून पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी जमली होती. त्यानं फडकं उचललं, पिळलं, आणि भीत भीत बाजूला ठेवलं.

मिरवणूक निघाली तेव्हा शालिकरामनं सगळ्यात आतली जागा घेतली, बडग्याच्या धोतराच्या आत, मधला बांबू धरून. तिथून त्याला फक्त लोकांचे पाय दिसत होते. बाहेर डफडं वाजत होतं, पोरं कोकलत होती, "खासी खोकला घेऊन जा गेऽऽ मारबत! डालड्याची टंचाई घेऊन जा गेऽऽ मारबत!" आत तो एकटा मनातल्या मनात म्हणत होता, मलेही घेऊन जा गे मारबत.

रुपरावजींचं घर आलं हे त्याला ओट्याच्या फरशीवरून कळलं. पॉलिश केलेल्या काळ्या चपला ओट्यावर उभ्या होत्या. आवाज एकेक करून बंद पडले. डफडंवाला शेवटी थांबला. मग काळ्या चपलांच्या बाजूनं दोन अनवाणी, भेगाळलेले, म्हातारे पाय हळूहळू पायऱ्या उतरले आणि थेट धोतरासमोर येऊन थांबले. या तुळजाबाई, रुपरावजींची आई.

"रुपराव," त्या म्हणाल्या, "हा तुहा बाप हाय ना गा?"

कुणी श्वास घेत नव्हतं. शालिकराम तर मुळीच नाही.

"पागोटं चुकलं," तुळजाबाई म्हणाल्या. "डाव्या अंगाले झुकवत होते ते." वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. "हां. आता बरोबर. कोणं केलं गा हे?"

"मी केलं," कवडू म्हणाला.

"मी केलं, अम्मा," ओमप्रकाश म्हणाला. "हा नुसता बाजूले होता."

धोतराच्या आत शालिकरामला ते ऐकू आलं. त्याला रडू यायला लागलं, आणि रडू दाबायला गेला तर शिंक आली. एवढी मोठी शिंक की बडगा हालला आणि दोन बायका किंचाळल्या. आता लपण्यात अर्थ नव्हता. तो धोतर वर करून बाहेर आला.

"तू?" रुपरावजी म्हणाले. भुवई वर, ओठ पुढे, अगदी सकाळी रंगवलेला तसा.

"हौ जी."

रुपरावजींनी मुंडक्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग ओटा उतरून त्याच्या अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाटी फाडून टाक. मुंडकं उतरव आन् माह्या घरात आणून ठेव. चिठ्ठी आताच लिहून देतो."

आम्ही सगळे बघत राहिलो. कवडू जमिनीकडे पाहत होता. ओमप्रकाशच्या चेहऱ्यावरची गंमत पहिल्यांदाच गेली होती. मुंडकं काढलेला बडगा मिरवता येत नाही. हिंगणा एका हाताच्या अंतरावर होतं, नुसतं वर हात करून मडकं उचलायचं होतं.

"नाही जी," शालिकराम म्हणाला.

"काय?"

"बडगा जाळाच लागते जी." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "त्याच्या अंगात साऱ्या गल्लीचं दुखणं गेलं. घरात नाही नेत."

"मंग चिठ्ठी…"

"रुपराव!" तुळजाबाई म्हणाल्या. "पोट्टा बरोबर बोलून राहिला. गल्लीचा खोकला माह्या घरात आणतं काय गा? आन् नऊ वर्षं झाले. अजून किती दिवस ठेवतं त्याइले? जाऊ दे आता." त्यांनी पदरानं बडग्याचा गाल पुसला, गेरू पदराला लागला. "जा गा पोट्टेहो, न्या. आन् रुपराव, घरात जाऊन चिठ्ठी लिही पह्यले."

डफडं पुन्हा वाजलं. रुपरावजी आत गेले. गावाबाहेर बडगा जळेपर्यंत दुपार झाली. शालिकरामनं जळताना पाहिलं नाही, तो कवडूच्या मागे उभा होता. संध्याकाळी रुपरावजींनी चिठ्ठी दिली, घडी घालून. सोमवारी शालिकराम हिंगण्याला गेला, बाकावर एकटा बसून. मंगळवारपासून त्याचं नाव हजेरीत लागलं.

पण चिठ्ठी मिळाली त्या संध्याकाळी तो मला नळावर भेटला. मला भरून आलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शालिक," मी म्हणालो, "मानलं बुवा तुला. समोर नोकरी दिसत असताना दोस्तांसाठी नाही म्हणालास. एवढी हिंमत कुठून आणलीस रे?"

शालिकरामनं बादली खाली ठेवली.

"दोस्तांसाठी नाही जी काकाजी, त्या मुंडक्याले हात लावाचं भेव वाटून राहिलं होतं."