पदराखाली ठरलेला भाव

घर विकायचं ठरलं तेव्हा मी साठीची होते आणि वागत होते सोळाची. कारणच तसं होतं. लातूरला माझ्या ताईच्या घराला लागून असलेलं घर विक्रीला निघालं होतं. लग्न झाल्यापासून मी नांदेडात, ती लातुरात, मधे चार तासांची एसटी. भाऊजी गेल्यावर ती एकटीच राहायची. शेजारचा मालक म्हणाला, "पाडव्यापर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो." आमचं नांदेडचं घर अठ्ठेचाळीस लाखांना गेलं तर ते घर आमचं, त्याच्या खाली गेलं तर नाही. ताई रोज सकाळी फोन करायची आणि कशी आहेस, जेवलीस का, काही न विचारता थेट म्हणायची, "गेलं का?"

गेलं कुठलं! एजंट चपला काढायच्या आधीच म्हणाला, "मार्केट थंड हाय, मावशी. लोक बघून राहिलेत, घेऊन कोणीच नाही राहिलं." बावन्न सांगा म्हणाला, म्हणजे घासाघीस होऊन अठ्ठेचाळीसवर येता येईल. शिवाय घराला फिकट रंग द्या. रंग आणायला मी नवऱ्याला पाठवलं आणि तिथंच चुकले. स्वस्तात मिळाला म्हणून त्यांनी पिस्ता रंग उचलून आणला. चार दिवसांत घर मिठाईच्या डब्यासारखं दिसायला लागलं. मी डोकं धरून खाली बसले, मग असं हसू फुटलं की रंगारीसुद्धा ब्रश ठेवून हसायला लागला.

बेडरूमच्या भिंतीला थोडी ओल होती, त्यावर मी कॅलेंडर लावलं. तर हे महाशय प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते स्वतःच्या हातानं उचलून दाखवणार! "हे बघा, पावसाळ्यात इथं ओल येते. उद्या म्हणू नका, सांगितलं नाही." लोक चहा प्यायचे, त्यांच्या खरेपणाचं तोंड भरून कौतुक करायचे आणि घरी विचारून सांगतो म्हणून जायचे ते जायचेच. मला वाटायचं, त्या कॅलेंडराच्या खिळ्याला यांनाच अडकवून ठेवावं.

पाडवा आठ दिवसांवर आला आणि हदगावकडचं एक जोडपं घर बघायला आलं. शेतकरी माणसं, नातवंडांना शिकायला नांदेडात ठेवायचं होतं. त्या भाऊंनी ओल पाहिली, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "चालतंय." मी स्वयंपाकघरात जाऊन एक गिरकी घेतली. खरंच घेतली, चहाचं आधण साक्षीला होतं. बाहेर आले तर यांनी बावन्न सांगितले होते आणि भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला होता.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना काही कळत नाही. माझे सासरे बिलोलीकडचे, बैलांचे मोठे शौकीन, त्यामुळे यांनी हे लहानपणापासून पाहिलेलं. पण स्वतःच्या हातानं करायची संधी आजच आली होती. दोघंही छताकडे बघत होते आणि टॉवेल नुसता हलत होता. यांच्या तोंडावर इतका आनंद मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. दोन मिनिटांत हे ओरडले, "जमलं!"

"कितीला?"

"पंचेचाळीस!" एवढ्या अभिमानानं म्हणाले, जणू बैलजोडी जिंकली.

"अहो, अठ्ठेचाळीसच्या खाली यायचं नाही म्हणलं होतं ना मी?"

आता कुठं हे भानावर आले. "अगं, हातात हात होता... रंगात आलो. जुबान गेली आता."

कापडाखाली दिलेली जुबान परत घेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. उद्या सकाळी ताईला काय सांगायचं? रडू आणि संताप एकदमच आला, आणि संताप जिंकला.

"घर कोणाच्या नावावर हाय?" मी विचारलं.

"तुझ्या," हे पुटपुटले.

"मग भाव अजून व्हायचाय."

"असं कसं, ताई? जुबान झाली की," भाऊ म्हणाले.

त्यांची बायको इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. तिनं कपबशी खाली ठेवली. "मालकिणीची कुठं घेतली तुमी?" असं म्हणून तिनं पदर पुढं पसरला आणि त्याखालून दोन्ही हात माझ्याकडे केले.

बाईनं असा भाव केलेला मी कधी पाहिला नव्हता, तिनंही पाहिला नसणार. चाळीस धरलेलेच होते, वरचा आकडा बोटांनी सांगायचा होता. मी नऊ बोटं दाबली. तिनं सहा. मी परत नऊ. तिनं सात. तिचा हात खरखरीत आणि मला गुदगुल्या लवकर होतात. मी फिस्सकन हसले, तशी तीही हसायला लागली. दोन्ही नवरे वेड्यासारखे एकमेकांकडे बघत बसले.

"लातूरला कशाला चालल्या, बाई?" तिनं हसत हसतच विचारलं.

"बहिणीच्या शेजारी राहायला."

तिचा हात थांबला. "मला बी होती एक," ती म्हणाली. आणि पदराखाली तिनं आठवं बोट दाबलं.

"आगं, किती?" भाऊंनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस. द्या," ती म्हणाली. भाऊंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टॉवेल गुपचूप खांद्यावर टाकला.

ती माणसं गेल्या गेल्या मी ताईला फोन लावला. "ताई, गेलं!"

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"ये मग लवकर," ती म्हणाली. "दोन्ही घरांमधली भिंत पाडली हाय, कुत्री शिरून राहिलीत अंगणात."

"पाडली? अगं, घर अजून त्या मालकाचंच आहे! कधी पाडलीस?"

"तू येते म्हणलीस ना, त्याच दिवशी."